फिरकीच्या तांब्यातली वाइन

पाच वर्षांपूर्वी मी लहान होते. सहासष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं, आणि मला तर एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवल्यामुळे ते जरा जास्तच वाटत होतं. दूध का नासतं, लोकरीला कसर कशी लागते, पाहुण्यांचं पान कसं वाढायचं, सगळं तोंडपाठ. फक्त एका माणसाला ‘जाऊ नका’ हे दोन शब्द कसे म्हणायचे, तेवढा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

तो माणूस म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत. टॉवेलच्या कारखान्यात ते डाइंग मास्तर होते, सूत रंगवायचं खातं चाळीस वर्षं सांभाळलं होतं. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत बोलणं मोजकं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, माझे यजमान जाऊन नऊ. सकाळी कंबर तलावाच्या कडेनं आम्ही फिरायला जायचो ते वेगवेगळे, पण दम खायला बसायचो ते एकाच बाकावर. ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना मास्तर. मधे एका माणसाची जागा मोकळी असायची. तिथं त्यांची कापडी पिशवी आणि माझी पाण्याची बाटली. असे दीड वर्ष बसलो.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ते तलावाकडे बघत म्हणाले, “बाई, मुलगी ऐकत नाही. हैदराबादला या म्हणते. कायमचं. पुढच्या सोमवारचं तिकीटही काढलंय तिनं.”

मी म्हटलं, “चांगलंय की. नातवंडांत राहाल.”

हे त्या सहासष्ट वर्षांच्या शहाणीचं उत्तर. घरी आल्यावर तिनं तीन तास साड्यांचं कपाट आवरलं आणि आवरून झाल्यावर सगळ्या घड्या मोडून परत आवरलं.

सोमवारला सहा दिवस होते. बाकावर बोलणं शक्य नव्हतं. तिथं दर दोन मिनिटांनी कुणीतरी हात जोडून ‘काय बाई, बरं आहे ना’ म्हणत जातं. म्हणून बुधवारी मी म्हटलं, “जायच्या आधी एकदा जेवायला या. शनिवारी संध्याकाळी.” मास्तरांनी पिशवीचा बंद उगाच बोटाला गुंडाळला, सोडला आणि म्हणाले, “येतो.”

जेवायला बोलावणं सोपं होतं. पण मला मी चांगली ठाऊक होते. भाकरी वाढीन, चटणी वाढीन, ‘अजून घ्या’ म्हणेन, शेवटी बडीशेप पुढं करीन आणि दारापर्यंत सोडायला जाऊन ‘पोचल्यावर फोन करा’ म्हणेन. मुख्य वाक्य पोटातच राहील. मग आठवलं की मास्तरांनी एकदा बाकावर सांगितलं होतं. मालकाच्या मुलाच्या लग्नात त्यांनी वाइन घेतली होती, एकच पेला. म्हणाले होते, “द्राक्षाची असते. डोकं हलकं होतं, आणि बाई, मनातलं बोलायला येतं. घरी गेल्यावर आमची ही चार दिवस बोलली नाही. मग परत कधी घेतली नाही.”

ह्यातलं मधलंच वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढची दोन सोयीनं विसरले. ती आठवली शनिवारी संध्याकाळी, पेला त्यांच्या हातात गेल्यावर.

नात पुण्याला नोकरी करते. तिला फोन लावला आणि म्हटलं, “वाइन कुठली घ्यावी गं? दोन माणसांना. जेवणाबरोबर.”

“आज्जी, दुसरं माणूस कोण?”

“तुला काय करायचंय.”

“घरी, संध्याकाळी, दोघंच, वाइन. आज्जी, ह्याला डेट म्हणतात.”

“ह्याला जेवण म्हणतात. नाव सांग लवकर, माझा कुकर लागलाय.”

“नाव सांगून उपयोग नाही, तिथं मिळेलच असं नाही. प्रकार सांगते, लिहून घे. महाग घेऊ नको. महागडी बऱ्याचदा जड असते, तोंड आवळतं, सवय नसलेल्याला वाटतं आपण काढा पितोय. हलकी घे, पांढरी, जराशी गोडसर. पाचशेच्या आत येते. आणि थंड कर, नीट थंड. तुमच्याकडच्या उन्हात कोमट वाइन म्हणजे शिक्षा. आणि रंग थोडा हिरवट-पिवळा दिसतो, घाबरून फोन करू नको.”

मी लिहून घेतलं. पाठाचं टाचण काढतात तसं: उद्दिष्ट, साहित्य, कृती. उद्दिष्टापुढची जागा कोरी ठेवली, न जाणो कागद कुणाच्या हाती लागला तर. साहित्याखाली लिहिलं, ‘पांढरी, हलकी, गोडसर, ५०० च्या आत, थंड’. कृतीखाली काहीच लिहिलं नाही, आणि सगळा घोळ पुढं तिथंच झाला.

मी राहते जुळे सोलापुरात. इथल्या दुकानात जाण्याचा प्रश्नच नव्हता. इथं निम्म्या घरांत माझ्या विद्यार्थिनी सासूबाई होऊन बसल्यात. शुक्रवारी सकाळी अकराला रिक्षा केली ती थेट होटगी रोडला. रिक्षावाल्याला देवळाचं नाव सांगितलं, देवळासमोर उतरले, तो वळून दिसेनासा होईपर्यंत कळसाला नमस्कार करत उभी राहिले आणि मग दारूच्या दुकानापर्यंत उन्हातून मागे चालत आले. मे महिन्यात सोलापुरात सगळ्याच बायका डोळे सोडून चेहरा ओढणीनं बांधतात, त्याचा मोठा आधार होता. पण मी बांधलेली होती निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल. त्या उन्हात अख्ख्या रस्त्यावर शाल गुंडाळलेली बाई एकच, आणि ती समजत होती की आपण कुणाला दिसत नाही.

दुकानाला लोखंडी जाळी, जाळीला खिडकी, खिडकीपुढं आठ-दहा पुरुष. पाटी होती की एकवीस वर्षांखालील व्यक्तींना मिळणार नाही. मी तीनदा एकवीस पूर्ण करून वर तीन होते, तरी पिशवीतलं आधार कार्ड चाचपून बघितलं. मला वाटलं होतं की मागे उभं राहावं, गर्दी ओसरली की पुढं व्हावं. तेवढ्यात कुणीतरी वळून बघितलं आणि म्हणालं, “ए, मावशीला पुढं जाऊ द्या रे. उनात हुब्या हाईत.” आणि सगळे बाजूला झाले. दोन्हीकडं पुरुषांची रांग आणि मधून शाल पांघरलेली मी, एखाद्या सत्काराला निघाल्यासारखी.

काउंटरवरचा माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. “बोलो अम्मा.”

“वाइन पाहिजे. पांढरी.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं, आणि ते मात्र पार रस्त्यापर्यंत गेलं.

त्यानं चष्मा चढवला. “जेवनात काय हाय?”

मला वाटलं टिंगल करतोय. पण तो वाट बघत होता. म्हटलं, “शेंगांची चटणी, कडक भाकरी, भरलं वांगं, दही.”

“तिखट?”

“सोलापूरचंच.”

“हां, मग लाल तो बिलकुल नको. तिखटावर लाल कडू लागते अम्मा, जीभ जळते.” त्यानं वरच्या फळीवरून एक बाटली काढली, कपड्यानं पुसली. “ही न्या. थोडी गोड हाय, चटनीला सांभाळते. बूच नाय, फिरकीचं झाकण. बूच काढायचा स्क्रू हाय का घरात?”

“नाही.”

“बघा. लोक महाग बाटली नेतात आनि घरी जाऊन चाकूनं बूच खरवडत बसतात.” मग आवाज खाली करून, “पाव्हणे पहिल्यांदा घेनार?”

“दुसऱ्यांदा.”

त्यानं डॉक्टरसारखी मान हलवली. “लहान बाटली देऊ? दोघांना पुरते.”

मी मोठीच घेतली. अर्ध्या बाटलीत मला धीर पुरेल असं वाटत नव्हतं. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, मी ती पिशवीत दुधी भोपळ्याशेजारी ठेवली. रिक्षात बसल्यावर बघितलं तर कागदात गुंडाळलेला भोपळा कुठला आणि बाटली कुठली ते मलाही ओळखू येईना, आणि तेव्हा कुठं श्वास आला.

खरी पंचाईत घरी होती. वाइन थंड करायची म्हणजे फ्रिज. आणि माझा फ्रिज माझ्यापेक्षा माझी कामवालीच जास्त वेळा उघडते. दुपारी दोनला ती येते, दूध तापवते, कणीक काढते, कालचं काय उरलंय ते बघून मला बोलते. बाई कामाला सोन्यासारखी, पण तिनं बघितलेली गोष्ट चारच्या आत पाच सोसायट्यांत पोचते, आणि त्यातल्याच एका सोसायटीत मास्तरांचा पुतण्या राहतो. शनिवारच्या आत मास्तरांच्या घरी कळलं की बाईंच्या फ्रिजात बाटली आहे, तर त्यांना मुलगी सोमवारऐवजी शुक्रवारीच येऊन घेऊन गेली असती.

मी ओट्यासमोर उभी राहून विचार करत होते. हातात बाटली, बाटलीला फिरकीचं झाकण. आणि समोर मांडणीवर सासूबाईंचा फिरकीचा तांब्या.

हे तांबे आता दिसत नाहीत. पितळेचा, पोट मोठं, गळा बारीक, वर कडी आणि फिरवून घट्ट बसणारं झाकण. सासूबाई प्रवासाला निघाल्या की त्यातनं पाणी न्यायच्या, गाडी कितीही हिसके मारो, थेंब सांडायचा नाही. आत काय आहे ते देवालाही दिसत नाही. मला माझीच हुशारी इतकी आवडली की मी मोठ्यानं हसले. चिंच लावून तांब्या घासला, सोन्यासारखा निघाला. गळ्यातनं हात आत जात नाही, म्हणून आतून नुसता खळबळून घेतला. बाटली त्यात ओतली. चार बोटं वाइन मावली नाही, ती बाटलीतच ठेवून झाकण लावलं आणि बाटली ज्वारीच्या डब्यात तळापर्यंत खुपसली. वर ज्वारी सारखी केली. तांब्या फ्रिजात, दह्याच्या भांड्यामागं.

दोन वाजून पाच मिनिटांनी फ्रिज उघडल्याचा आवाज आला.

“आज्जी, ह्यो तांब्या कशाचा?”

“तीर्थ आहे,” मी बाहेरूनच म्हटलं. आधी ठरवलं नव्हतं. तोंडातनं गेलं.

“कुटलं?”

“गाणगापूरचं.”

“कवा गेलता?”

“एकांनी आणून दिलंय.”

मी आत जाऊन बघते तर तिनं फ्रिजसमोर पदर डोक्यावर घेतलेला, हात जोडलेले. देवा, ह्याची शिक्षा मला कर, तिला काही करू नको, असं मी मनात म्हटलं.

“आज्जी, माजा गुडगा लई धरलाय. चमचाभर द्या की.”

“ते उपासाला घ्यायचं असतं.”

“आज शुक्रवार. माजा उपासच हाय की.”

“शनिवारी दिवस मावळल्यावर उघडायचं असतं ते.”

“मग उद्या येते सांच्याला.”

“उद्या नको. उद्या पाहुणे आहेत जेवायला.”

तिनं फ्रिजचं दार लावलं, कणकेचा डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “म्हंजी तीर्थ पाव्हण्यास्नी. आमी आपलं गुडगं धरून बसावं.”

मी तिला गुडघ्याला लावायची मलमाची नवी ट्यूब दिली. ती तिनं घेतली, पण जाताना फ्रिजकडं एकदा बघून गेली, आणि ते बघणं मला रात्रभर पुरलं.

शनिवारी मी दुपारपासून तयार होते. तीन साड्या नेसून सोडल्या. पहिली फार चांगली होती, दुसरीत मी आजारी दिसत होते, तिसरी होती ती रोजचीच. वांगी भरली. चटणी दोनदा चाखली. आरशासमोर म्हणून बघितलं, “मास्तर, जाऊ नका.” ते एखाद्या वर्गातल्या मुलीला बाकावरून उठू नको म्हटल्यासारखं वाटलं. परत म्हटलं, तर रडक्या मुलासारखं वाटलं. म्हटलं, राहू दे, पहिला पेला झाला की आवाज आपोआप ठीक होईल.

साडेसातला बेल वाजली. मास्तर पांढऱ्या सदऱ्यात, केस पाणी लावून बसवलेले. हातात एक टॉवेल, घडी घालून सुतळीनं बांधलेला, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा. “हा मी कामाच्या शेवटच्या दिवशी रंगवला होता,” ते म्हणाले. “घरात नुसता ठेवून काय करायचं.” मी तो घेतला आणि कुठं ठेवू ते सुचेना म्हणून हातातच धरून राहिले.

ते खुर्चीत बसले. कूलर घरघरत होता. ट्यूबलाइटचा उजेड उगाच जास्त वाटत होता. दोन पेले मांडले, आतून तांब्या आणला. मास्तर म्हणाले, “वा, फिरकीचा तांब्या. आमच्या आईकडं होता.” त्यांना वाटलं पाणी. मी झाकण फिरवलं. हात ओला होता, दोनदा निसटला. मग ओतलं. थंड, पातळ, हिरवट. नातीनं सांगितलेलंच होतं, हिरवट-पिवळा दिसतो, घाबरू नको. मी घाबरले नाही. पेला त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वास घेतला. पेला ओठाजवळ नेला. आणि थांबले.

त्यांनी पेला उजेडासमोर धरला. तिरपा केला. परत सरळ धरला. माझा पेला माझ्या हातात, ओठापासून दोन बोटं लांब, आणि मला कळेना प्यावं की थांबावं. त्यांच्या कपाळावर आठी होती. तेव्हा मला ती चार दिवसांची गोष्ट आठवली. ज्या बाईनं ह्या पेल्यापायी ह्यांच्याशी चार दिवस बोलणं टाकलं होतं, तिचे चार दिवस आज माझ्या घरात येऊन बसले होते. ह्या माणसानं परत कधी घेतली नव्हती. आणि मी, एकतीस वर्षं पोरींना वळण लावलेली बाई, त्याला विचारल्याशिवाय पेला भरून दिला होता.

त्यांनी पेला खाली ठेवला. मग हात लांब करून माझ्या हातातलाही काढून घेतला.

“बाई, घेऊ नका.”

संपलं, असं मला वाटलं. मी बोलायला लागले ती थांबेचना. “दारू नाही ती, वाइन आहे. नाशिकची आहे. तुम्हीच म्हणाला होता एकदा, डोकं हलकं होतं म्हणून. तुम्हाला नको असेल तर मी कोकम सरबत करते, आग्रह नाही, माझी चूक झाली, विचारायला पाहिजे होतं.”

“वाइन आहे ते वासावरून कळलं,” मास्तर म्हणाले. “त्याला माझी ना नाही. पण ही ठेवली कशात होती?”

“तांब्यात.”

“कधीपासून?”

“काल दुपारपासून.”

“आत कल्हई आहे?”

मी तांब्याकडं बघितलं. मास्तरांनी खिशातनं फोन काढून त्याचा दिवा लावला आणि गळ्यातनं आत धरला. आम्ही दोघांनी डोकी जवळ आणून आत बघितलं. आत कल्हईचा मागमूस नव्हता. उघडं पितळ, आणि वाइन जिथपर्यंत होती तिथं हिरवी रेघ.

“हा हिरवा मला झोपेत दाखवला तरी ओळखेन,” ते म्हणाले. “खात्यात पिवळ्या रंगात मोरचुदाचं निळं पाणी पडलं की असाच व्हायचा. द्राक्षाचं आंबट आहे बाई. रात्रभरात पितळातलं तांबं सोडवलं त्यानं.”

मी खाली बसले. दरवर्षी सहामाहीला मी हा प्रश्न घालायची: ‘आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नयेत. कारण लिहा.’ ज्या मुलींनी नुसतं ‘कळकतं’ लिहिलं त्यांचा एक गुण कापायची, पूर्ण वाक्यात लिहिलं नाही म्हणून. ताक असतं तर ठेवलं असतं का मी? चिंचेचं सार? सात जन्मात नाही. पण वाइन आंबट असते हे त्या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही. गोडसर घेतली होती ना. आणि चिंचेनं घासून तांब्या बाहेरून लखलखीत केला, तेव्हाही नाही.

“तुम्ही घेतली का थोडी?” मी विचारलं.

“ओठाला लागली.”

“चूळ भरा. आत्ता. उठा.” ते उठले, मुकाट्यानं चूळ भरून आले. मी तांब्या आणि दोन्ही पेले मोरीत उपडे केले, पेले विसळून बाहेर ठेवले. वाइन गेली, माझा धीर गेला. होटगी रोडचं ऊन गेलं, तीर्थ गेलं. सोमवार तेवढा शिल्लक होता.

मास्तर टॉवेलची सुतळी सोडत होते. त्या डाळिंबी टॉवेलनं त्यांनी माझे दोन्ही पेले पुसायला घेतले. मी मोरीच्या दारातच उभी राहिले. तिथून त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती, म्हणून असेल, मी म्हटलं, “मास्तर, ही बाटली मी पाहुणचाराला आणली नव्हती. मला तुम्हाला एक सांगायचं होतं, आणि न पिता सांगायची माझी छाती नव्हती. आता प्यायला काही नाही. म्हणून तसंच सांगते. जाऊ नका.”

पेला पुसणं थांबलं. कूलर घरघरत राहिला. किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही, पण तेवढ्या वेळात मी पुण्याला मुलाकडं कायमची राहायला जाऊन, तिथं मरूनही गेले.

“मुलीला काय सांगू?” ते पाठमोरेच म्हणाले.

“ते मला ठाऊक नाही.”

“मला पण नाही,” ते म्हणाले, आणि वळले. “बाटलीत थोडी राहिलीय का?”

आम्ही ज्वारीचा डबा ओढून काढला. मी कोपरापर्यंत हात घातला, बाटली सापडेना. मग मास्तरांनी घातला. चाळीस वर्षं रंगाच्या पाण्यात काढलेला हात, नखांच्या कडा अजून निळसर. बाटली निघाली तेव्हा तिच्या अंगाला धान्याची पांढरी धूळ लागलेली आणि आमच्या दोघांच्या पायांत ज्वारीच ज्वारी. दोन-दोन बोटं आली वाट्याला. कोमट, गोडसर. नात म्हणाली होती तशी शिक्षाच. पण चटणीच्या घासावर तिनं खरंच जीभ सांभाळली, दुकानदार खोटं बोलला नव्हता. मास्तरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्या ‘जाऊ नका’चं उत्तर मात्र भाकरीबरोबर आलं नाही, दह्याबरोबर आलं नाही, बडीशेपेबरोबरही आलं नाही.

निघताना ते म्हणाले, “तो तांब्या द्या माझ्याकडं.”

“कशाला?”

“इथं कल्हईवाला राहिला नाही. हैदराबादला जुन्या बाजारात असेल एखादा.”

म्हणजे जाताहेत. मी तांब्या पुसून त्यांच्या पिशवीत घातला. मला वाटतं मी ‘पोचल्यावर फोन करा’ असंच म्हटलं. दारात ते थांबले. “मुलीनं तिकीट काढलंय बाई. तिला समोर बसून सांगावं लागेल. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

“काय सांगणार?”

“ते गाडीत ठरवतो.”

सोमवारी मी स्टेशनवर गेले नाही. मंगळवारी तलावावर गेले, बाकाच्या माझ्या टोकाला बसले, मधे बाटली ठेवली. पहिला फोन आला तो चौथ्या दिवशी. “तांब्या दिलाय. माणूस म्हणतो आठवडा लागेल.” मुलीबद्दल काही नाही. आठवड्यानं फोन, “कल्हईला लागणारा नवसागर मिळेना म्हणतो.” मी विचारलं, “बाकी?” ते म्हणाले, “बाकी बोलणं चाललंय.” मागे बाईमाणसाचा आवाज होता, चढलेला, तेलुगूत. मला तेलुगू येत नाही, पण चढलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. त्यानंतर दहा दिवस फोन नाही. त्या दहा दिवसांत माझी खात्री पटली की मी एका माणसाला त्याच्या मुलीपासून तोडायला निघालेली म्हातारी आहे, आणि शिक्षा म्हणून सासूबाईंचा तांब्याही गेला. बाकावर जाणं मी बंद केलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण गुडघे धरायला लागले होते, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी बाकावर माझ्या आधी कुणीतरी बसलेलं होतं. मधल्या जागेत कापडी पिशवी नव्हती. पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि पिशवीतनं तांब्याची कडी दिसत होती.

“उघडून बघा,” मास्तर म्हणाले.

मी झाकण फिरवलं. आत दुधासारखं पांढरं.

“मुलगी काय म्हणाली?”

“दर दोन महिन्यांनी आठ दिवस यायचं, अशी अट घातलीय. आणि तुमचा नंबर घेतलाय. फोन करेल, जरा रागात आहे, ऐकून घ्या.”

ऐकून घेतलं. पाऊण तास.

आता ते त्यांच्या घरी राहतात, मी माझ्या. शनिवारी जेवायला येतात. बाटली त्याच दुकानातनं येते, तीच, गोडसर पांढरी, आणि मी शाल न गुंडाळता जाऊन आणते. तांब्यात पाणी असतं. बाटली फ्रिजात दह्याशेजारी उभी असते, सगळ्यांपुढं.

पहिल्यांदा ती तशी ठेवली तेव्हा कामवालीनं दार उघडलं, बाटलीकडं बघितलं, मांडणीवरच्या चकचकीत तांब्याकडं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला.

“आज्जी,” ती म्हणाली, “आता हात कुणाला जोडू, ह्याला का त्याला?”